भरवशाचे यंत्र

वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, धर्म व समाजकारण ह्यांवर व्याख्याने व्हावीत, हे रीतीस धरूनच आहे. यंत्रे का बिघडतात आणि ती बिघडू नयेत म्हणून काय करतात, हा विषय मात्र कारखान्यातला, किंवा फार तर अभियांत्रिकी महाविद्यालयातला, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आम्ही आज तो नगरवासी श्रोत्यांपुढे मांडीत आहोत ह्याचे कारण एवढेच, की ज्या यंत्रांविषयी आम्हांस बोलावयाचे आहे ती केव्हा ना केव्हा आपल्यापैकी प्रत्येकाच्या उशाशी येऊन उभी राहणार आहेत. जन्मताच अशक्त बालकाला ऊब देणारे यंत्र, दवाखान्यातला रक्तदाबमापक, शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारचे भूल देण्याचे यंत्र आणि शेवटच्या आजारातला व्हेंटिलेटर. माणूस येतो तेही यंत्राच्या सोबतीने आणि पुष्कळदा जातो तेही. सोबत अशी अटळ असेल तर सोबती भरवशाचा आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. २१ एप्रिल २०२१ ह्या दिवशी आपल्या शेजारच्या नाशिकमध्ये, महानगरपालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात, द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस. खाटा भरलेल्या होत्या आणि शंभरावर रुग्ण नळीतून येणाऱ्या प्राणवायूवर श्वास घेत होते. गळती थांबविण्याच्या खटपटीत नळीतला दाब उतरला आणि त्या एका दिवसात बावीस माणसे गेली. डॉक्टर जागेवर होते, परिचारिका जागेवर होत्या, व्हेंटिलेटरही धडधाकट होते. कमी पडला तो जोडसामानाचा एक तुकडा. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून सतरांपैकी दहा बालके दगावली. बालकाला ऊब देणाऱ्या वॉर्मरमधील विजेच्या बिघाडाकडे चौकशीने बोट दाखविले.

अशा बातम्या वाचल्या की आपण हळहळतो, कोणाला तरी दोष देतो आणि विसरतो. परंतु दोष देण्यापलीकडे जाऊन, ‘हे घडले कसे आणि पुन्हा घडू नये म्हणून आधी काय करावयास हवे होते?’ असा प्रश्न पद्धतशीरपणे विचारणारे एक शास्त्र आहे. इंजिनियर मंडळी त्याला विश्वसनीयतेचे शास्त्र म्हणतात. आपण त्याला भरवशाचे शास्त्र म्हणू.

भरवसा मोजता येतो काय?

‘भरवसा’ हा शब्द आपण माणसांविषयी वापरतो तेव्हा त्याला मोजमाप नसते. यंत्राविषयी वापरताना ते द्यावे लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानांतील रेडिओसारखी उपकरणे युद्धभूमीवर पोहोचण्यापूर्वीच बिघडू लागली, तेव्हा सैन्याधिकाऱ्यांना कळून चुकले, की यंत्र चांगले आहे एवढे म्हणून भागत नाही. ते किती काळ चांगले राहील हे सांगता आले पाहिजे. त्यातून विचार सुरू झाला आणि १९५७ साली अमेरिकेत ह्या विषयावरील एका तज्ज्ञमंडळाचा अहवाल प्रसिद्ध होऊन ह्या शास्त्राला निश्चित रूप आले. त्याची व्याख्या सोपी आहे: ठरवून दिलेले काम, ठरवून दिलेल्या परिस्थितीत, ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत यंत्र बिनचूक करील ह्याची संभवनीयता म्हणजे त्या यंत्राची विश्वसनीयता.

ह्या व्याख्येतील प्रत्येक शब्दाला अर्थ आहे. विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण घ्या. दुकानदार म्हणतो, ‘पंप उत्तम आहे.’ शेतकरी विचारतो, ‘केळीला भर उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते. वीज कमीजास्त दाबाने येते, मोटार तापते. तशात हा पंप जूनपर्यंत चालेल का?’ दुकानदाराचे विधान प्रशस्तीचे आहे, शेतकऱ्याचा प्रश्न विश्वसनीयतेचा. काम, परिस्थिती आणि मुदत ह्या तिन्ही गोष्टी त्याने विचारल्या. रुग्णालयासाठी यंत्र घेताना आपली समिती एवढे विचारील तर अर्धे काम झाले असे आम्ही समजू.

आता थोडे गणित करू. ते शाळकरी पोरालाही येण्यासारखे आहे. एखाद्या यंत्रात शंभर भाग आहेत आणि सगळे चालले तरच यंत्र चालते, असे समजा. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याचा संभव शंभरात नव्याण्णव आहे. कोणालाही वाटेल, वा! प्रत्येक भाग नव्याण्णव टक्के, म्हणजे यंत्रही तसेच. परंतु साखळीत संभवांचा गुणाकार होतो. ०.९९ ला स्वतःशी शंभर वेळा गुणले की उत्तर येते ०.३७ च्या आसपास. म्हणजे अशी शंभर यंत्रे घेतली तर वर्षअखेर त्यांतली सदतीसच न बिघडता उभी असतील! तेच प्रत्येक भाग हजारात नऊशे नव्याण्णव इतका पक्का केला, तर शंभरातली नव्वद यंत्रे तगतील. रुपयाच्या भागाची हयगय लाख रुपयांच्या यंत्राला कशी भोवते, हे ह्या गुणाकारात दिसते.

ह्याच हिशेबाने हृदयाच्या कृत्रिम झडपेचा विचार करा. हृदय मिनिटाला सत्तर ठोके घेते असे धरले तर वर्षाला ३ कोटी ६७ लाखांहून अधिक ठोके होतात. दहा वर्षांत झडप छत्तीस कोटींवर वेळा उघडते आणि मिटते, आणि ह्या अवधीत ती तेल घालण्यासाठी बाहेर काढता येत नाही. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन ह्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार होत होती, तेव्हा आधीची प्रतिरूपे चाचण्यांत अपयशी ठरली. ती बाजूला ठेवून पुन्हा नवा आराखडा, नवी धातुमिश्रणे, नवे प्लास्टिक असा क्रम वर्षानुवर्षे चालला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ‘चित्रा’ झडप पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसविण्यात आली. त्याच्या आधीचीच उलट हकिकत पाश्चात्य देशांतील आहे. ‘ब्यॉर्क-शायली’ नावाच्या झडपेच्या एका नव्या नमुन्यात चकती धरून ठेवणारी बारीक तार काही रुग्णांच्या हृदयातच तुटली. सुमारे ८६,००० झडपा बसविल्या गेल्यानंतर, १९८६ साली, तो नमुना बाजारातून काढून घ्यावा लागला. प्रयोगशाळेत मोडलेली वस्तू आपल्याला शिकवते. तीच रुग्णाच्या छातीत मोडली तर शिकविण्याची किंमत दुसराच कोणी देतो.

जोडीदार हवा, पण तो वेगळ्या घरचा

साखळी अशी नाजूक असेल तर उपाय काय? पहिला उपाय आपल्या आजीलाही ठाऊक होता: दोन दिवे ठेवावेत. दहात एकदा दगा देणारे एक यंत्र असेल, तर तशी दोन ठेवल्यावर दोन्ही एकाच वेळी दगा देण्याचा संभव शंभरात एक, तीन ठेवल्यावर हजारात एक. रुग्णालयात जनरेटर असतो, व्हेंटिलेटरच्या पोटात बॅटरी असते, प्राणवायूच्या नळीच्या जोडीला सिलिंडर असतात, ते ह्याच हिशेबाने.

पण ह्या हिशेबात एक ‘जर’ लपलेला आहे. दोघांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच शंभरात एक हे उत्तर खरे. दोन नळ्या असल्या आणि दोन्ही एकाच टाकीतून निघत असल्या, तर टाकी रिकामी होताच दोन्ही कोरड्या पडतात. एकाच विहिरीवर दोन पंप बसवून विहीर आटण्याची भीती जात नाही. नाशिकच्या दुर्घटनेचा हाच मोठा धडा आहे: पन्नास खाटांना पन्नास वेगळ्या नळ्या दिसतात, पण त्या सगळ्यांचे नशीब एकाच गाठीत बांधलेले असते. अशी गाठ कोठे आहे, हे शोधून तिला वेगळ्या वाटेचा पर्याय देणे, आणि तो पर्याय किती मिनिटांत चालू होतो ह्याची घड्याळ लावून तालीम करणे, हे भरवशाचे शास्त्र सांगते.

तालीम का हवी, ह्याचा एक घरगुती अनुभव सांगतो. तापीकाठच्या आमच्या गावी घरातील एका वृद्ध व्यक्तीला फुफ्फुसाच्या विकारामुळे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर ठेवावे लागले होते. वीज जाण्याचा धोका ओळखून आम्ही भरलेला सिलिंडरही आणून ठेवला होता आणि आपण मोठी दूरदृष्टी दाखविली अशा समाधानात होतो. मे महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास लाइट गेली, यंत्र बंद पडले. सिलिंडरजवळ गेलो तो त्याची झडप उघडावयाचा पाना नाही! ज्याने सिलिंडर आणून दिला तो पाना आपल्याबरोबर घेऊन गेला होता. अंधारात हाका मारल्या. शेजारच्यांनी ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना आणून दिला. बारा मिनिटे गेली. सुदैवाने निभावले. पण त्या बारा मिनिटांत आम्हांला जे कळले ते पुस्तकात वाचून कळले नव्हते: जो पर्याय कधी वापरून पाहिला नाही तो पर्याय नव्हेच. दुसऱ्या दिवशी पाना दोरीने सिलिंडरलाच बांधला आणि दर रविवारी एकदा सिलिंडर उघडून पाहण्याचा नेम ठेवला.

बिघडावे, पण भल्या बाजूला

कितीही केले तरी यंत्र कधी तरी बिघडणारच. मग दुसरा प्रश्न येतो: बिघडताना ते कोणत्या बाजूला पडेल? ह्याचे उत्तम शिक्षण आपल्या भुसावळ जंक्शनवर मिळते. रेल्वेगाडीचे ब्रेक लावण्यासाठी नळीत हवा सोडत असतील, असे बाहेरच्या माणसाला वाटते. खरा प्रकार उलटा आहे. गाडी धावत असते तेव्हा डब्यांखालची मुख्य नळी दाबाच्या हवेने भरलेली असते, आणि तो दाबच ब्रेकना सुटे ठेवतो. नळी फुटली, डबे तुटून वेगळे झाले, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. जुन्या हाताच्या सिग्नलची तार तुटली तर वजनाने हात आडवा होऊन ‘थांबा’ दाखवी. बिघाड झाला की गाडी थांबते; प्रवाशांचा खोळंबा होतो, पण प्राण वाचतात. बिघाडाचे तोंड आधीच सुरक्षिततेकडे वळवून ठेवणे, ही यंत्रशास्त्रातील अत्यंत शहाणपणाची कल्पना होय.

कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या कोबाल्ट यंत्रात हेच तत्त्व असते. कोबाल्टचा किरणोत्सर्गी तुकडा जाड आवरणात असतो, उपचारापुरता तो पुढे येतो. वीज गेली, तर तो मागे आवरणात गेला पाहिजे. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनविलेले ‘भाभाट्रॉन’ हे भारतीय कोबाल्ट यंत्र २००५ साली नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत उभे राहिले. बाहेरून आणलेल्या यंत्रांपेक्षा ते स्वस्त पडावे एवढाच हेतू त्यामागे नव्हता. आपल्याकडची वीज जाते-येते हे गृहीत धरून त्याच्या पुढील नमुन्यात बॅटरीची सोय करण्यात आली. आपल्या परिस्थितीत चालेल असे यंत्र, म्हणजे व्याख्येतला तो मधला शब्द.

तत्त्व विसरले की काय होते, ह्याची कथा कॅनडात बनलेल्या ‘थेरॅक-२५’ ह्या किरणयंत्राची आहे. आधीच्या नमुन्यांत चुकीच्या वेळी किरण सुटू नयेत म्हणून यांत्रिक अडसर आणि फ्यूज होते. नव्या नमुन्यात संगणकाची आज्ञावली सर्व काही सांभाळील अशा विश्वासाने ते अडसर काढून टाकले. यंत्र चालविणाऱ्याने आकडा चुकीचा घालून भरभर दुरुस्त केला, तर विशिष्ट क्षणी आज्ञावलीचा गोंधळ उडे आणि रुग्णाला ठरल्याच्या कित्येक पट मात्रा बसे. पडद्यावर येई फक्त ‘बिघाड ५४’. असे संदेश रोज इतके येत, की चालविणारे कळ दाबून पुढे जाण्यास सरावले होते. १९८५ ते १९८७ ह्या काळात असे सहा अपघात उघडकीस आले आणि त्यांत किमान तिघांचा मृत्यू झाला. मौज अशी, की तोच दोष आधीच्या नमुन्यातही होता. मात्र तेथे फ्यूज उडे, यंत्र बंद पडे आणि रुग्ण वाचे. आपल्या घरचा वायरमन फ्यूजच्या जागी जाड तार घालून ‘आता उडणार नाही’ म्हणतो, तेव्हा तोही लहानसा थेरॅक तयार करीत असतो.

न बोलता बिघडणारी यंत्रे

बंद पडलेले यंत्र निदान प्रामाणिक असते. खरे भय असते ते चालू राहून चुकीचे काम करणाऱ्या यंत्राचे. वर सांगितलेला कॉन्सन्ट्रेटरच घ्या. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के प्राणवायू असतो. ह्या यंत्रातील दोन नळकांड्यांत झिओलाइट नावाचे खडे असतात. दाबलेली हवा त्यांतून गेली की खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि नव्वद ते पंचाण्णव टक्के शुद्धतेचा प्राणवायू पुढे जातो. एक नळकांडे काम करते तेव्हा दुसरे धरलेला नायट्रोजन सोडून मोकळे होते. आता पुढची गाळणी धुळीने चोंदली किंवा खडे दमट झाले तर काय होईल? यंत्र घरघरत राहते, बाटलीत बुडबुडे येत राहतात. घरच्यांना वाटते, प्राणवायू चालू आहे. येत असते मात्र जवळजवळ साधी हवा! बुडबुडे हे वारा येत असल्याची खूण आहेत, प्राणवायूची नव्हे. चांगल्या यंत्रात शुद्धता उतरली की दिवा लागतो किंवा भोंगा वाजतो. तो आहे की नाही, हे घेतानाच विचारावे. आणि बोटाला लावावयाच्या मापकाने रुग्णाच्या रक्तातील प्रमाण अधूनमधून पाहावे.

रक्तदाबमापकाचेही तसेच. काट्याचा मापक हातातून एकदा पडला, स्प्रिंग किंचित सैल झाली, की तो दहा-वीस अंशांनी खोटे बोलू लागतो. पण बोलतो अगदी खरेपणाच्या आविर्भावात. त्या आकड्यावरून औषध वाढते किंवा थांबते. म्हणून मोजणारे यंत्र ठरलेल्या मुदतीने प्रमाणित यंत्राशी ताडून पाहिले पाहिजे. बाजारातली वजने-मापे ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून घेण्याचा कायदा आपण मानतो. शेरभर धान्याला जो न्याय, तो माणसाच्या जिवाला नको काय?

यंत्राची तीन वये आणि खानदेशचा उन्हाळा

माणसाप्रमाणे यंत्रालाही बालपण, तारुण्य व वार्धक्य असते. अगदी नव्या यंत्रात बनावटीचे किंवा बसवणीचे दोष लवकर बाहेर पडतात, म्हणून सुरुवातीला बिघाड अधिक. मग बरीच वर्षे शांततेची जातात. शेवटी झीज होऊन बिघाड पुन्हा वाढतात. कागदावर ही रेषा काढली तर ती दोन्ही कडा उंच असलेल्या स्नानाच्या टबासारखी दिसते. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. ‘नवे आहे, काय होणार?’ ही समजूत चुकीची. नव्या यंत्राला रुग्ण लावण्यापूर्वी ते पुरेसे चालवून, गळती व विजेचे रोध तपासून घेतले पाहिजेत. आणि ‘अजून चालते आहे ना?’ ही समजूतही चुकीची. झिजणारे भाग मोडण्याची वाट न पाहता मुदत संपताच बदलले पाहिजेत.

ही वये कागदावर जेवढी लिहिलेली असतात तेवढी आपल्याकडे भरत नाहीत, ह्याला कारण आपली हवा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. विजेच्या उपकरणांविषयी एक ढोबळ नियम आहे: तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळशा नाजूक भागांचे व बॅटऱ्यांचे आयुष्य निम्म्यावर येते. पंचवीस अंशांच्या खोलीत चार वर्षे टिकणारी बॅटरी पंचेचाळीस अंशांच्या कोंदट खोलीत वर्षभरातच दमते. त्यात धूळ आणि कमीजास्त होणारी वीज. तेव्हा थंड देशातील कंपनीच्या पत्रकावरचा आकडा हा तिच्या देशाचा आकडा आहे, आपल्या तालुक्याचा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

परिस्थिती ओळखून आराखडा केला तर किती साधे साधन किती भरवशाचे होते, ह्याचा नमुना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. लस ठेवण्याचा तो आडवा फ्रिज, ज्याला तेथील मंडळी आय.एल.आर. म्हणतात, त्याच्या भिंतींतून पाण्याच्या नळ्या वा पिशव्या असतात. वीज असते तेव्हा त्यांचे बर्फ होते. वीज गेली की तो बर्फ वितळत राहून आतले तापमान २ ते ८ अंशांत सांभाळतो. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी त्याचे भागते. झाकण वरच्या बाजूला, कारण थंड हवा जड असते व वरून उघडल्याने सांडत नाही. आपल्याकडच्या धाब्याच्या घराने दुपारचे ऊन जाड मातीत अडवावे, तशीच ही युक्ती. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत लस सामर्थ्यासह पोहोचते, तिच्यात ह्या पेटीचा वाटा मोठा आहे.

दुरुस्ती हाही भरवशाचाच भाग

आता एक व्यवहाराचा हिशेब. एक यंत्र सरासरी तीनशे दिवसांनी एकदा बिघडते. दुरुस्तीला तीन दिवस लागले, तर ते शंभरातले नव्याण्णव दिवस कामास येईल. तेच यंत्र, तेवढाच बिघाड. पण सुटा भाग परदेशातून यावयाचा, मंजुरीची फाइल फिरावयाची, कारागीर मुंबईहून यावयाचा, असे करीत शंभर दिवस गेले, तर ते शंभरातले पंचाहत्तरच दिवस उपयोगी. यंत्र तेच, पण एका गावी भरवशाचे आणि दुसऱ्या गावी बिनभरवशाचे! म्हणून स्वस्त यंत्रापेक्षा दुरुस्त होणारे यंत्र स्वस्त पडते.

हे आमचे तर्कट नव्हे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने देशातील २९,११५ आरोग्य संस्थांमधील साडेसात लाखांहून अधिक उपकरणांची मोजदाद करविली, तेव्हा राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद असल्याचे दिसून आले. त्यावर २०१५ पासून देखभालीचा कार्यक्रम आखण्यात आला आणि उपकरणे चालू राहण्याचे प्रमाण जिल्हा रुग्णालयात ९५, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९० व प्राथमिक केंद्रात ८० टक्के असावे, असे ठरविण्यात आले. करोनाच्या काळात गावोगाव कॉन्सन्ट्रेटर व प्राणवायूचे प्रकल्प आले. लाट ओसरल्यावर जी यंत्रे बंद खोलीत गेली असतील त्यांच्याविषयी एवढेच सांगतो, की न वापरलेले यंत्रही म्हातारे होते. खडे ओल धरतात, बॅटऱ्या मरतात, रबर चिरते. बैलपोळ्यापुरता बैल बाहेर काढून शेत नांगरले जात नाही.

तीन आकड्यांची पाटी

ह्या शास्त्रातील एक पद्धत अशी आहे, की ती कोणालाही घरी वापरता येईल. पाटीवर यंत्राचे भाग लिहावेत. प्रत्येक भाग कसकसा बिघडेल हे लिहून त्यापुढे एक ते दहापर्यंत तीन आकडे द्यावेत: परिणाम किती घातक, प्रसंग किती वारंवार, आणि वेळेवर कळणे किती कठीण. मग तिन्हींचा गुणाकार. आमच्या घरच्या यंत्रासाठी आम्ही अशी पाटी केली. वीज जाणे: घातकपणा नऊ, वारंवारपणा पाच, कळण्याची अडचण एक, कारण यंत्र थांबताच शांतता ऐकू येते. गुणाकार पंचेचाळीस. गाळणी चोंदून शुद्धता उतरणे: सात, सहा आणि सात, गुणाकार दोनशे चौऱ्याण्णव! ज्या गोष्टीची आम्हांला धास्ती होती तिच्यापेक्षा जिच्याकडे लक्षच नव्हते ती सहापट मोठी निघाली. आकडे आपल्या अंदाजाचे असतात, त्यांचा फार डौल मिरवू नये. आणि घातकपणा नऊ-दहा असेल तर गुणाकार लहान आला म्हणून ती बाब सोडूही नये. पण ही पाटी आपल्याला विचारांच्या रांगेत उभे करते, हा तिचा गुण.

सरकारनेही आपल्या परीने रांग लावली आहे. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ साली झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. धोक्याच्या चढत्या क्रमाने उपकरणांचे चार वर्ग करण्यात आले. कापसासारखी वस्तू पहिल्यात, हृदयाची झडप शेवटच्यात. उपकरणामुळे अपाय झाला तर तो कळविण्याची व्यवस्था जुलै २०१५ पासून आहे आणि तिचे केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. परंतु न कळविलेला बिघाड कोणत्याही नियमाला दिसत नाही. आपल्याकडे बिघाड कळविणे म्हणजे कोणाची तरी चहाडी करणे, अशी भावना असते; मग परिचारिका गप्प बसते, कारागीर गप्प बसतो आणि तोच बिघाड पुढच्या गावी पुन्हा घडतो. थेरॅकच्या पहिल्या अपघातांनंतरही इतर रुग्णालयांना वेळेवर कळले असते, तर पुढचे काही रुग्ण वाचले असते.

शेवटी, श्रोत्यांनी घरी काय न्यावे? धुळ्यात व जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत, तालुक्यांतून ग्रामीण रुग्णालये आहेत. आपल्यापैकी कोणी संस्थेचे विश्वस्त आहेत, कोणी नगरसेवक, कोणी देणगीदार. वडिलांच्या स्मरणार्थ यंत्र देताना त्यावर नावाची पाटी लागते. त्या पाटीबरोबर पाच वर्षांच्या देखभालीचा खर्चही द्यावा आणि एवढे चारच प्रश्न विचारावेत: हे आमच्या उन्हाळ्यात व आमच्या विजेवर किती काळ चालेल? बिघडले तर कोणत्या बाजूला पडेल? बिघडले हे आम्हांला कसे कळेल? आणि किती दिवसांत पुन्हा उभे राहील? ह्या चार प्रश्नांची उत्तरे मागणारा समाज असेल, तर कारखानदार ती तयार ठेवील आणि अधिकारी फाइल लवकर हलवील.

नाशिकच्या त्या बावीस जणांपैकी कोणीही आपल्या डोक्याशी आलेली नळी कोठून येते, हे विचारण्याच्या स्थितीत नव्हते. रुग्ण ते विचारू शकत नाही, म्हणूनच धडधाकट असताना आपण विचारावयाचे असते. आमच्या सिलिंडरला बांधलेला तो पाना अजून तसाच आहे. रविवारी कोणी तरी उठून झडप फिरवून पाहते, आत प्राणवायू आहे ह्याची खात्री करते आणि पुन्हा बंद करते. एवढेच हे शास्त्र आहे. बाकीचे गणित त्याच्या सोयीसाठी.